छकुलीच्या रिपोर्टवरून

मंगळवेढा,
मार्गशीर्ष

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर सांगितलंस, छकुलीचं हिमोग्लोबिन ९.४ आलंय, डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलंय, काळजी करू नकोस. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि मग झोप काही लागली नाही. आप्पा म्हणाले, उगाच त्याच्या मागे लागू नकोस. म्हणून लिहायला बसले. फोनवर माझा आवाज चढतो.

सहा वर्षांच्या पोरीला साडेअकरा तरी हवं. सगळी नोकरी अंगणवाडीत वजनकाट्यापुढे गेली माझी, हे मला कुणी सांगायला नको. दिवाळीतच सूनबाईला म्हटलं होतं, हिच्या पापण्या आतून फिक्या दिसतात. तुम्ही तपासून घेतलंत, हे फार चांगलं केलंत.

सिरप एक दिवसही चुकवायचं नाही. दुधाबरोबर किंवा चहाबरोबर द्यायचं नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर दे. शी काळी होईल, घाबरू नका. आकडा वर आला की लोक औषध बंद करतात. तसं करू नकोस. अंगातला साठा भरायला पुढेही काही महिने लागतात, डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवायचं. जंताच्या गोळीचंही विचार त्यांना.

एवढंच लिहून थांबणार होते. पण सिरप संपल्यावर तिच्या ताटात काय पडणार आहे?

गौरीच्या सणाला पाठवलेली ज्वारी डब्यात तशीच आहे. छकुलीनेच सांगितलं, तिला रागावू नकोस. सकाळी चॉकलेटची पूड घातलेलं मोठा पेलाभर दूध, डब्यात नूडल्स, संध्याकाळी दूध-बिस्किटं, आणि रात्री फोनवरून काहीतरी येतं. दुधाने पोट भरलं की पोर जेवण मागत नाही, आणि दुधात लोह नसल्यात जमा. तू त्या मल्टिग्रेन बिस्किटांचं कौतुक सांगत होतास. पाकीट उलटं करून वाच. जे सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं लिहावं लागतं. पहिला मैदा असेल तर ते मैद्याचंच बिस्किट, वर नाव काही का असेना.

बघ, लागले शिकवायला. तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडता, रात्री आठला परतता, ते मला दिसतं रे. रागावून लिहीत नाही. पण ९.४ म्हणजे खेळताना धाप लागणारी पोर, शाळेत डोळे मिटणारी पोर. आक्काचं काय झालं ते तुला माहीत आहे. बाळंतपणाआधी पांढरी फटक पडली होती, आणि सगळे म्हणत होते, नाजूकच आहे ती पहिल्यापासून.

आपण दामाजीपंतांच्या गावचे. दुष्काळात बादशाही कोठारं उघडली त्यांनी, ती याच मातीतल्या धान्याची. १९७२ ला मी छकुलीहून थोडीच मोठी. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, आम्हाला सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. त्याच्या भाकरीला ना चव ना वास. आजोबांनी पेवाच्या, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्याच्या, तळातली उरलेली मालदांडी ज्वारी काढली, तिची वासाची भाकरी आई चुलीवरून काढायची आणि आम्ही चौघं चतकोर-चतकोर वाटून घ्यायचो, वर कारळ्याची चटणी. आप्पांनी कोरडवाहू रानात पावसाच्या ओलीवर तीच ज्वारी टिकवली. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आप्पांनी कात्रण देवघरात ठेवलं. ती ज्वारी तुझ्या डब्यात पडून आहे म्हटल्यावर मला काय वाटलं असेल?

असो. आता कामाचं.

महिन्याचं एकदम दळून आणू नकोस, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. आठवड्यापुरतं दळ. उकळत्या पाण्यात मळ. तुला भाकरी येते. होस्टेलवरून पहिल्या फुगलेल्या भाकरीचा फोटो पाठवला होतास, तो मी अख्ख्या गल्लीला दाखवला होता. म्हणून हे पत्र तुला आहे, सूनबाईला नाही. थंडीभर बाजरी कर, १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, ज्वारीत चारच्या आसपास. पण धान्यातलं लोह अंगी लागायला आंबट हवं, म्हणून ताटात लिंबाची फोड रोज. मटकी, हुलगे भिजवून मोड आणून. तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते लोखंडी कढईत परतायचं. शिजलं की लगेच काढून ठेवायचं. बिस्किटाच्या जागी कडक भाकरी दे, दह्यात कुस्करलेली तिला आवडते. इथे दोन-दोन खाते.

आणि तू तिच्यासमोर बसून तेच खा. तुझ्या पानात पिझ्झा आणि तिच्या पानात हुलग्याचं माडगं, असं केलंस तर ती कशाला खाईल? तू लहानपणी करडईची भाजी खायला लागलास ती आप्पांच्या ताटातून.

फार लिहिलं का? माफ कर. पण सिरप खरंच चुकवू नकोस.

शनिवारी एसटीने बाजरी, जवसाची चटणी, वाळवलेली हरभऱ्याची भाजी आणि माझी जुनी कढई पाठवते. ज्वारी निसवायला लागलीय, कणसं बाहेर पडतायत. येळवसला, वेळा अमावास्येला या, रानात भज्जी, उंडे आणि आंबील करू. तिला वाफ्यातून अनवाणी फिरू दे, पण परतल्यावर साबणाने पाय धू.

छकुलीची पुढची तपासणी असेल त्याच दिवशी सूनबाईचंही रक्त तपासून घे. दिवाळीत जिना चढताना ती मध्येच थांबत होती. नको म्हणेल, तरी घे.

तुझी,
आई