वाडा राखला, वहिवाटही राखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातली जुनी भाटकारी, म्हणजे जमीनदारांची, घरे दुरुस्त करून योगशिबिरांना, कंपन्यांच्या गटांना, लग्नाच्या वऱ्हाडांना अख्खीच्या अख्खी भाड्याने दिली जातात, यावर आपल्या पत्रस्तंभात बरीच टीका वाचली. तिच्यात ‘वारसा विकायला काढला’ हा सूर जास्त आहे. मला तो पटत नाही. बंद पडलेले घर दोन पावसाळ्यांनंतर आतून कसे दिसते, हे ज्याने पाहिले आहे तो असे म्हणणार नाही.

ही घरे पडली का, ते आधी पाहू. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा आल्यावर भाटकारपणाचा कणा मोडला. ते कायदे हवेच होते; भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या आम्हा मुंडकारांच्या डोक्यावरचे छप्पर त्यांनीच टिकवले. पण भाटाच्या, म्हणजे घराभोवतीच्या बागायती जमिनीच्या, उत्पन्नातून दरवर्षी होणारी डागडुजी थांबली, हेही खरे. त्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे सगळ्या मुलामुलींना सारखा वाटा. तिसऱ्या पिढीपर्यंत एक वारस लिस्बनला, एक मुंबईला, एक कॅनडात, आणि सह्या कोणाच्याच मिळत नाहीत. तोवर इकडे मे महिन्यात कौले शाकारायला माणूस नसतो. एक कौल सरकते, पाणी वाशावर येते, मग वाळवी, आणि एक दिवस आढेच खाली बसते. वरून छप्पर गेले की जांभ्याच्या मातीत रचलेल्या भिंतींना आषाढातला पाऊस फार वेळ उभे राहू देत नाही.

म्हणून कोणी पैसा घालून घर उभे करत असेल आणि तो पैसा पाहुण्यांकडून वसूल करत असेल, तर करू दे. केप्याचा 1787 साली बांधलेला ‘पालासियो दो देआंव’ एका दांपत्याने असाच मोडकळीतून वर काढला. तिथे आगाऊ कळवून सामान्य माणसालाही जाता येते, जेवता येते. आमच्या शेजारच्या वाड्याचे कामही, खरे सांगतो, नेकीने झाले. गवंड्याने सिमेंट उखडून चुन्याचा गिलावा केला. जांभा ओल धरतो. वरून सिमेंट लिंपले की ती आतच कोंडते आणि चिरा भुगा होऊन सुटत जातो. चुन्यातून ती बाहेर पडते. हे समजणारा मालक मिळणे हे घराचे भाग्यच म्हणायचे.

माझी तक्रार आहे ती फाटकाबद्दल. या वाड्याच्या भाटातून आम्हा मुंडकारांच्या घरांची पायवाट जाते, कुळागराच्या (नारळ-सुपारीच्या बागेच्या) पाटावर तिघांचे पाणी अवलंबून आहे, आणि शिगम्यात, म्हणजे फाल्गुनातल्या आमच्या सणात, गावचा मेळ (वाजतगाजत फिरणारा गट) वाड्याच्या अंगणात नमन, म्हणजे देवाची प्रार्थना, घालून पुढे जातो. गेल्या फाल्गुनात मेळ फाटकापाशी पोचला तेव्हा आत कुठल्याशा गटाचे ‘मौन शिबिर’ चालू होते. रखवालदार नम्र होता. म्हणाला, दहा मिनिटे आत या, पण ढोल वाजवू नका. ढोल-ताशा-कासाळ्यांशिवाय (झांजांशिवाय) मेळ कसला? जाणत्यांनी बाहेर रस्त्यावरच नमन घातले. मालकाने दुसऱ्या दिवशी नारळ-तांदूळ पाठवले, पण ते पिशवीत घालून, चालकाच्या हाती. (त्याच वाड्यात डिसेंबरात रात्री दहानंतरही गाणी वाजतात तेव्हा मौनाची आठवण कोणाला होत नाही, ते सोडा.)

भाट म्हणजे नुसते चार भिंतींचे घर नव्हे. विहीर, पाट, वाट, राखणदाराची (जागेची राखण करणाऱ्या देवाची) जागा, शिगम्याचे अंगण हे सगळे त्यात येते. पाहुण्यांना दाखवायच्या माहितीपत्रकात ‘शतकांची परंपरा’ छापायची आणि ती परंपरा दारात आली की वेळापत्रक दाखवायचे, हे जुळत नाही.

इंग्लंडात ऐतिहासिक घरांच्या मालकांना वारसा करातून सूट हवी असेल, तर ती घरे लोकांना पाहायला ठरावीक दिवस खुली ठेवावी लागतात. आपल्याकडे एवढेही नको. अशा घरांची पर्यटन व्यवसाय कायदा, 1982 खाली नोंदणी होते आणि पंचायतीचा ना हरकत दाखला लागतो. तो दाखला देताना पंचायतीने त्या भाटातल्या जुन्या वहिवाटी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्याव्यात. वाट कुठून, पाटाचे पाणी कोणाच्या पाळीला, मेळ किंवा पालखी कोणत्या तिथीला, हे त्यात यावे. तेवढ्या तिथींना आरक्षण घ्यायचे नाही, अशी अट दाखल्यातच असावी. मालकालाही ते सोयीचे होईल, कारण तिथी पंचांगात वर्षभर आधी कळते. आमच्या पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचे आम्ही काहीजणांनी ठरवले आहे. इतर गावांतही असे वाडे आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपला,
एक वाचक, फोंडा तालुका