भाईंची पेन्सिल

भाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिलेली ट्रंक परवा उघडली. वर जिरेटोप, कवड्यांच्या माळा, नारदाची वीणा. तळाशी जुन्या शालूत गुंडाळलेली 'संगीत सौभद्र'ची तुमची प्रत. गावच्या नाटक मंडळाचा इतिहास लिहायचा म्हणून मी वर्षभर हिंडतेय. देवस्थानच्या दप्तरात जत्रेच्या नाटकांवर झालेला खर्च मिळाला, हँडबिलांवर नाटकांची नावं मिळाली. माणसं मात्र सापडली ती तुमच्या प्रतीच्या समासात.

विंगेत प्रॉम्प्टिंग करता करता तुम्ही पेन्सिलीने किती टिपून ठेवलंत, भाई! 'सुभद्रेला सर्दी, आज पांढरी पाच.' म्हणजे गाण्यासाठी ऑर्गनची पट्टी. 'नारद अजून तोंड रंगवतोय, ऑर्गन चालू ठेवणे.' 'कृष्णाच्या पदाला दोन वन्समोअर.' एका वर्षी फक्त एवढंच: 'तीन अंक. पाऊस. उरलेलं उद्या.' हे वाचून बरं वाटलं. १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनीसुद्धा सौभद्राचे आधी तीनच अंक रंगमंचावर आणले होते. अर्थात त्यांच्या आड पाऊस आला नव्हता, नाटकच तेवढं लिहून झालं होतं.

त्यांची सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. आपल्याकडेही कितीतरी वर्षं सुभद्रा पुरुषच करायचे, पुढे बाहेरगावाहून मानधन देऊन नटी आणू लागले. तुमच्या प्रतीत शेवटच्या पानावर प्रत्येक वर्षाची सुभद्रा लिहिलेली आहे. ती यादी वाचत खाली आले आणि थांबले. 'आपल्या वाड्यावरची. पट्टी काळी चार. पहिल्या पदाला आवाज कापला. दुसऱ्याला मंडप जिंकला.'

ती माझी आई. गावातली पहिली बाई, जी स्वतःच्या गावच्या मांडावर, नाटकाच्या त्या जागी, उभी राहून गायली. घरी याबद्दल कधी कुणी बोललं नाही. लग्नाआधी आई 'थोडंफार गायची', एवढंच आम्हां भावंडांना ठाऊक. त्या रात्री ती कशी गायली हे कुणीतरी लिहून ठेवलंय, याची तिलाही कल्पना नव्हती.

भाई, नट-नट्यांना हार मिळाले, ऑर्गनवाल्याला शाल मिळाली. पडदा पडल्यावर तुमचं नाव कुणी पुकारल्याची नोंद मला कुठेही मिळाली नाही. मंडळाच्या इतिहासाचं पहिलं पान म्हणून तुमच्या त्या यादीचंच छायाचित्र लावणार आहे. तुमची हरकत नसावी.

काल संध्याकाळी आईला त्या चार ओळी वाचून दाखवल्या. ती बराच वेळ गप्प बसली. मग देवापुढे वात सारखी करता करता गुणगुणायला लागली. काळी चार आता जमत नाही, खूप खालून म्हणत होती. पण सगळं पद पाठ आहे, भाई, एक शब्दही सांगावा लागला नाही.

प्रत परत द्यायला रविवारी येते. आईही येते म्हणालीय.

तुमची ऋणी,
वाड्यावरच्या सुभद्रेची मुलगी