बचाव प्रशिक्षकाची कारकीर्द कशाने मोजायची?

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकी फुटबॉलच्या बचाव प्रशिक्षकांवरचा लेख वाचला. सुपर बोलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या, जाहिराती आणि मध्यंतरातलं गाणं यांपलीकडे जाऊन एका मराठी वृत्तपत्राने या खेळाकडे पाहिलं, याचा मनापासून आनंद झाला. पण लेखात या व्यवसायाचा जो जिना रंगवला आहे (आधी खेळाडू, मग कॉलेजातला मदतनीस, मग एखाद्या फळीचा प्रशिक्षक, मग डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे संपूर्ण बचावाचा प्रमुख आणि सर्वांत वर मुख्य प्रशिक्षक), त्याच्या शेवटच्या पायरीवर न टिकलेल्यांना ‘अपयशी’ म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटलं नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्य झाल्यास पूर्ण छापावं.

मी पेन्सिल्व्हेनियात, स्क्रँटनजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते. शरद ऋतूतल्या शुक्रवारी संध्याकाळी इथलं प्रत्येक गाव मैदानावर असतं. हायस्कूलचे बरेचसे प्रशिक्षक शिक्षकच असतात. नोकरीच्या पगारावर हंगामाचं थोडंसं मानधन मिळतं, बस्स. आमच्या शाळेचा बचाव सांभाळणारे सहकारी माझ्या शेजारच्या वर्गात इतिहास शिकवतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर डबा एका बाजूला आणि पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा दुसऱ्या बाजूला असतो. पुढच्या शुक्रवारी समोर येणारा संघ कुठल्या परिस्थितीत कुठली चाल खेळतो, हे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहायचं आणि एकेक चाल एकेका कार्डावर काढायची. मंगळवारी सरावात तीच कार्डं दुसऱ्या फळीतल्या मुलांसमोर धरायची. ती मुलं प्रतिस्पर्ध्यांची नक्कल करतात आणि पहिल्या फळीचा बचाव त्यांच्याविरुद्ध तयार होतो. एनएफएलमध्ये, म्हणजे ३२ संघांच्या व्यावसायिक लीगमध्ये, हेच काम ‘क्वालिटी कंट्रोल’ नावाच्या पदावरचा तरुण प्रशिक्षक करतो. कामाची जात एकच.

दर आठवड्याला हे सहकारी माझ्याकडेही येतात, कारण आमच्या राज्याच्या नियमानुसार खेळाडू किमान चार पूर्ण विषयांत उत्तीर्ण होत असेल तरच त्याला खेळता येतं. कोण रसायनशास्त्रात घसरतोय, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं. एखाद्या सेफ्टीला, म्हणजे बचावात सर्वांत मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूला, संध्याकाळी मोल म्हणजे काय ते समजावून सांगणारा इतिहासाचा शिक्षक मी पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट लेखात हवी होती. बचाव प्रशिक्षक मुलांना सर्वांत आधी टॅकल करायला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायला, शिकवतो, आणि त्यात मुलांच्या मानेचा प्रश्न असतो. डोकं वर, नजर समोर, धडक खांद्याने. १९७६ साली हायस्कूल आणि कॉलेज फुटबॉलमध्ये डोकं पुढे घालून धडकण्यावर बंदी आली आणि त्यानंतर मानेच्या मणक्याला होणाऱ्या, माणसाला कायमचं अंथरुणाला खिळवणाऱ्या इजा खूप कमी झाल्या. नियम कागदावर येतो. तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगवळणी पाडण्याचं काम ऑगस्टच्या उन्हात कुणीतरी रोज करत असतं. त्याला मी कारकिर्दीची खालची पायरी म्हणणार नाही.

आता ज्यांना आपल्या लेखाने ‘मुख्य प्रशिक्षक म्हणून अपयशी’ या चार शब्दांत संपवलं, त्या व्हिक फँजिओंबद्दल. ते आमच्या भागातले. स्क्रँटनला लागूनच असलेल्या डनमोर या गावात ते वाढले, तिथल्या हायस्कूलमध्ये जॅक हेन्झेस यांच्या हाताखाली सेफ्टी म्हणून खेळले. हेन्झेस हे या राज्यात ४००हून अधिक सामने जिंकलेले हायस्कूल प्रशिक्षक. त्यांनी कधी मोठ्या लीगची वाट धरली नाही. फँजिओ एनएफएलमध्ये एकही सामना खेळलेले नाहीत. त्यांनी शिकवायला सुरुवात केली ती त्याच डनमोरच्या शाळेत. पुढे १९८४ मध्ये यूएसएफएल या अल्पजीवी लीगमधल्या स्टार्स संघात जिम मोरा यांचे साहाय्यक झाले, आणि १९८६ मध्ये मोरा न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांच्याबरोबर एनएफएलमध्ये आले. काम मिळालं लाइनबॅकरांना, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीला, शिकवण्याचं.

त्या लाइनबॅकरांमध्ये सॅम मिल्स होते. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, छोट्या कॉलेजातून आलेले, कुठल्याही संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, न निवडलेले. स्टार्सपासून ते मोरा-फँजिओंबरोबर होते. १९९२च्या हंगामात सेंट्सचे चारही लाइनबॅकर प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडले गेले. मिल्स पुढे कॅरोलायना पँथर्सकडे गेले. तिथे १९९५ मध्ये, संघाच्या पहिल्याच हंगामात, बचावाची सूत्रं फँजिओंकडे आली होती. मिल्स आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

सेंट्सनंतरची गावं नुसती वाचली तरी माणूस दमेल. शार्लट, इंडियानापोलिस, ह्यूस्टन (तोही नवाकोरा संघ), बाल्टिमोर, एक वर्ष स्टॅनफर्ड विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो. मुख्य प्रशिक्षकाला काढलं की बहुधा त्याचे सगळे साहाय्यक एकाच दिवशी बेरोजगार होतात, मग त्यांचा बचाव लीगमध्ये पहिला असो की शेवटचा. आपल्या लेखात पगारांवर मोठा परिच्छेद आहे, या अनिश्चिततेवर ओळही नाही. ज्या तरुणांसाठी ही पुरवणी निघते, त्यांना आधी हे सांगायला हवं.

२०१८ मध्ये फँजिओंच्या शिकागो बेअर्सनी संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी, २८३ गुण दिले. त्या यशावर डेन्व्हर ब्रॉन्कोजनी त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. वय ६०. तीन हंगामांत १९ विजय, ३० पराभव, आणि २०२२च्या जानेवारीत नोकरी गेली. आपला लेख इथे थांबतो. फँजिओ थांबले नाहीत. एक हंगाम मायामीत काढून २०२४ मध्ये ते फिलाडेल्फिया ईगल्सचा बचाव सांभाळायला आले, म्हणजे घरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर. आदल्या वर्षी त्याच ईगल्सचा बचाव लीगच्या तळाकडे होता. फँजिओंच्या पहिल्याच हंगामात त्याने सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी यार्ड दिले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी पुढे सरकू दिलं.

हे कसं घडलं, त्याचं एक उदाहरण मी वर्गातही देते. झॅक बॉन नावाचा खेळाडू चार वर्षं सेंट्समध्ये बहुतांशी स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किक मारण्या-अडवण्याच्या खेळींत, धावत होता. त्याला कडेवरून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराच्या, अंगावर जाणारा खेळाडू समजलं गेलं होतं. ईगल्सनी त्याला आत, मधल्या लाइनबॅकरच्या जागी आणलं. त्याच वर्षी तो लीगच्या सर्वोत्तम संघात, ऑल-प्रोच्या पहिल्या फळीत, निवडला गेला. माणूस तोच, ताकद तीच. तो कुठे उभा राहिला तर फुलेल, हे ओळखणारे डोळे मात्र सगळ्यांना नसतात, आणि माझ्या मते बचाव प्रशिक्षकाची खरी विद्या ही आहे.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी सुपर बोल झाला तो न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. जिथे फँजिओंनी एनएफएलमधलं पहिलं काम केलं, आणि जिथे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे कोऑर्डिनेटर म्हणून ते ३४-३१ असा सुपर बोल हरले, तेच हे मैदान. समोर कॅन्सस सिटी चीफ्स आणि त्यांचे क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. अशा क्वार्टरबॅकला अडवायचं तर नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त माणसं त्याच्यावर सोडावीत, म्हणजे ब्लिट्झ करावी, हा सोपा मोह असतो. पण जास्त माणसं पुढे धाडली की मागे मोकळी जागा राहते, आणि महोम्स ती शोधतातच. फँजिओंनी त्या रात्री एकदाही ब्लिट्झ केली नाही. चौघांनीच दबाव आणला, मागे सात जण जागा राखून राहिले, आणि महोम्स सहा वेळा सॅक झाले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले गेले. ईगल्सच्या बाजूने मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. कूपर डिजीन या नवख्या खेळाडूने आपल्या बाविसाव्या वाढदिवशी पास अडवून थेट टचडाऊन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले. बॉननेही एक पास हिरावला. फँजिओ तेव्हा ६६ वर्षांचे होते. खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून कुठल्याही नात्याने मिळालेलं त्यांचं हे पहिलं सुपर बोल विजेतेपद. आमच्या भागात त्या रात्री लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

आणि पलीकडच्या बाजूला चीफ्सचा बचाव कोण सांभाळत होतं? स्टीव्ह स्पॅग्नुओलो. सेंट लुई रॅम्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून तीन हंगामांत १० विजय आणि ३८ पराभव. आपल्या मोजपट्टीने हेही ‘अपयशी’. पण २००८च्या फेब्रुवारीत, एकही सामना न हरता आलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना १४ गुणांवर रोखणारा न्यूयॉर्क जायंट्सचा बचाव त्यांचा होता. पुढे चीफ्सबरोबर आणखी तीन विजेतेपदं. कोऑर्डिनेटर म्हणून चार सुपर बोल जिंकणारे ते पहिलेच. म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सामन्यात दोन्ही बाजूंचे बचाव अशा माणसांच्या हाती होते, ज्यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढण्यात आलं होतं.

डिक लबो यांचं नाव लेखात यायलाच हवं होतं. डेट्रॉइट लायन्ससाठी १४ हंगाम कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू), ६२ इंटरसेप्शन्स (हिरावलेले पास). सिनसिनाटीत कोऑर्डिनेटर असताना त्यांनी झोन ब्लिट्झ विकसित केली: लाइनमधला धिप्पाड खेळाडू अचानक मागे सरकून पास अडवायला जातो आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असा दुसराच पुढे झेपावतो. सिनसिनाटीचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नोंद १२-३३ अशी आहे. नंतर पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बचावाची सूत्रं पुन्हा हाती घेऊन त्यांनी दोन सुपर बोल जिंकले आणि ८० वर्षांचे होईपर्यंत शिकवत राहिले.

बिल बेलिचिक यांच्यासारखी उलट उदाहरणं आहेत, हे मी नाकारत नाही. १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्समध्ये आठवड्याला २५ डॉलरवर सामन्यांच्या फिल्म पाहण्याचं काम, मग जायंट्सचा बचाव, क्लीव्हलंडमधली हकालपट्टी आणि त्यानंतर न्यू इंग्लंडमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा विजेतेपदं. पण हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. मुख्य प्रशिक्षकाला मालक, पत्रकार, आक्रमण, बचाव, दुखापती, शिस्त हे सगळं पाहावं लागतं. कोऑर्डिनेटर एकाच प्रश्नात बुडालेला असतो. दोन खेळींच्या मधल्या थोडक्या सेकंदांत, हेल्मेटवर हिरवा ठिपका असलेल्या एका बचावपटूच्या कानात रेडिओवरून त्याने निर्णय सांगायचा. पुढची खेळी सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. मग मैदानावरची अकरा माणसं आणि त्यांना आधी दिलेलं शिक्षण, एवढंच उरतं. त्या कामात प्रावीण्य मिळवलेल्या माणसाला दुसरं काम जमलं नाही म्हणून कमी लेखणं हा अन्याय आहे.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या मध्यपश्चिमेतल्या एका कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट आहे. शिक्षणाची फी माफ, हातात थोडा भत्ता. पहाटे कार्यालय उघडायचं, फिल्म कापायची, कार्डं काढायची, विमानतळावरून भावी खेळाडूंना आणायचं आणि मधल्या वेळात स्वतःची पदव्युत्तर पदवी पूर्ण करायची. त्याच्या आईने मला विचारलं, “बाई, हा हेड कोच कधी होणार?” मी त्यांना म्हटलं की त्याला पुढच्या हंगामात लाइनबॅकरांच्या खोलीत उभं राहून शिकवायला मिळालं, तर ती मोठी बातमी असेल; तेवढं आधी मागा. आपला लेख वाचून मला त्या माउलीचा प्रश्न आठवला, कारण तो लेख वाचणाऱ्या पालकांनाही तोच पडेल.

म्हणून एक विनंती. या विषयावर पुढचा लेख कराल तेव्हा एखाद्या कोऑर्डिनेटरच्या कामाच्या आठवड्यावर करा: सोमवारची फिल्म, मंगळवारची आखणी, शनिवारी रात्रीची शेवटची बैठक. साहाय्यकांचे करार किती वर्षांचे असतात आणि संघ बदलताना मुलांच्या शाळेचं काय होतं, हेही त्यांना विचारा. आणि फँजिओंच्या नावाआधी लावलेलं ते विशेषण तेवढं काढा.

आपली,
एक शिक्षिका
स्क्रँटन परिसर, पेन्सिल्व्हेनिया