संकल्प करायचाच, तर एकाला वाचायला शिकवण्याचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाडव्याचे किंवा नववर्षाचे संकल्प दोन-तीन आठवड्यांत का मोडतात, याचे कारण मला तरी एकच दिसते: ते मोडल्याने दुसऱ्या कोणाचे काही अडत नाही. पहाटे पर्वती चढायचे राहून गेले किंवा हौसेने आणलेले पुस्तक कपाटात तसेच पडून राहिले, तर जाब विचारणारे आपल्याखेरीज कोणी नसते आणि स्वतःला माफ करण्यात आपण सगळेच तरबेज असतो. म्हणून यंदा स्वतःच्या प्रगतीसाठीच, पण दुसऱ्याला सोबत घेऊन, एका निरक्षर प्रौढ व्यक्तीला मराठी वाचायला शिकवण्याचा संकल्प वाचकांनी करावा, असे सुचवण्यासाठी हे पत्र. समोर वही उघडून कोणी वाट पाहत बसले आहे, या जाणिवेने शिकवणाऱ्याला जी शिस्त लागते ती गजर लावून लागत नाही.

२०११च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ८६ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील दर शंभरांमागे चौदा जणांना समजून लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८मध्ये ज्या शहरात मुलींची शाळा काढली आणि १८५५मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली, त्या शहराच्या जिल्ह्याला ही संख्या शोभत नाही. (आपल्या खोचक पाट्यांचे आपल्याला केवढे कौतुक! त्या वाचताच न येणारी माणसे रोज त्यांच्याखालून जातात, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.)

शिकवायचे कसे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पन्नाशीच्या बाईंपुढे लहान मुलांचे अंकलिपीचे पुस्तक ठेवणे म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी अवघडून टाकणे होय. त्यांना काय वाचता यायला हवे आहे, ते आधी विचारावे. बहुधा बसची पाटी, औषधाच्या पाकिटावरील मुदत, बँकेचे पासबुक, नाहीतर नातवंडाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, असे उत्तर मिळते. नुसत्या बसच्या पाट्या घेतल्या तरी अभ्यासक्रम तयार होतो. ‘हडपसर’ या शब्दात पाच अक्षरे आहेत आणि काना-मात्रा एकही नाही, तेव्हा आरंभ तिथून करावा. ‘मनपा’मध्ये काना येतो, ‘वारजे’मध्ये त्याला मात्रेची जोड मिळते आणि ‘निगडी’मध्ये दोन्ही वेलांट्या एकाच शब्दात दिसतात. एवढे पक्के झाल्यावरच ‘स्वारगेट’च्या जोडाक्षराकडे वळावे. ‘कर्वे’मध्ये डोक्यावर बसलेला आणि ‘कात्रज’मध्ये पायाशी गेलेला र हा एकच, हे समजावताना शिकवणाऱ्याचा कस लागतो, कारण जे आपण नकळत शिकलो ते दुसऱ्याला उलगडून सांगण्यासाठी आधी स्वतःला नव्याने समजून घ्यावे लागते. हाताला वळण लागण्यासाठी ग, म, भ, न ही सारख्या वळणाची अक्षरे एकत्र गिरवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र पहिले काही महिने काढूच नयेत.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. घरकाम करणाऱ्या मावशींना किंवा सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला ‘काम संपल्यावर अर्धा तास थांबा’ असे सांगणे सोपे असते, पण तो अर्धा तास त्यांच्या पुढच्या कामातून किंवा विश्रांतीतून कापला जातो. आपल्याला खरोखर शिकवायचे असेल, तर तो वेळ त्यांच्या पगारी कामाच्या वेळातूनच द्यावा; एक दिवस फरशी पुसायची राहिली तरी चालेल. शिकण्याची इच्छा आहे का, हेही आधी विचारावे आणि नकार आला तर तो मनापासून मान्य करावा, कारण मालकाने धरलेला आग्रह मोडणे त्यांना सोपे नसते.

ज्यांना सरकारी चौकटीत काम करायचे आहे, त्यांच्यासाठी २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी विनामानधन शिकवावे, अशी त्याची रचना असून वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांची चाचणी घेतली जाते. प्रमाणपत्राचा आनंद मोठा असतो. तरी चाचणी झाली म्हणून शिकवणे थांबवू नये. नव्याने आलेले वाचन सराव तुटला की विसरायला होते.

सरावासाठी वाचायचे काय, ही खरी अडचण आहे, आणि तिथे आपल्या वृत्तपत्राची मदत हवी आहे. आठवड्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, पाव पानभर मजकूर मोठ्या टाइपात, छोट्या वाक्यांत आणि शक्यतो कमी जोडाक्षरांत छापावा. त्यात पाणीपुरवठ्याची सूचना, रेशनची माहिती, गावाकडच्या पावसाची बातमी असे प्रौढांच्या उपयोगाचे काही असावे, बालकथा नकोत.

आपला,
एक वाचक, वारजे, पुणे