सीपॅपच्या अहवालातील ‘लीक’ वाचायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झोपेत वारंवार श्वास अडण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा, त्रास असलेल्या माझ्या ओळखीच्या चार घरांत आज उशाशी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र आहे. रोज सकाळी यंत्राच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर रात्रीचा अहवाल दिसतो आणि त्यातला ‘लीक’ हा आकडा, म्हणजे मास्कमधून होणारी हवेची गळती, माणसाला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. तो आकडा कसा वाचावा हे मात्र यंत्र देताना कोणी सांगत नाही, आणि त्यातून प्रत्यक्ष नुकसान होते, म्हणून हे पत्र.

जुळे सोलापुरात माझ्या शेजारी राहणाऱ्या, यंत्रमागावर उमेदीची वर्षे घालवलेल्या एका गृहस्थांचे यंत्र माझ्याहून वेगळ्या कंपनीचे आहे. माझ्या अहवालात गळती 4 लिटर प्रतिमिनिट आणि त्यांच्या अहवालात 38, हे कळल्यावर त्यांनी घाबरून मास्कचे पट्टे इतके आवळले की नाकाच्या हाडावर जखम झाली. जखमेमुळे यंत्र पंधरा दिवस माळ्यावर गेले आणि ते पुन्हा भरदुपारी बसल्याजागी पेंगू लागले. प्रत्यक्षात त्यांचा मास्क व्यवस्थित बसलेला होता. मास्कला बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलाच पाहिजे. या छिद्रांतून जाणारी हवा दाबाबरोबर वाढते. 10 सेंटिमीटर दाबाला (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) बहुतेक मास्कमधून मिनिटाला 30 लिटरच्या आसपास हवा अशी जातच असते. फिलिप्स रेस्पिरॉनिक्सची यंत्रे ही हवा धरून एकूण गळती मांडतात, तर रेसमेडची यंत्रे ती वजा करून केवळ वरची, नको असलेली गळती दाखवतात. गळती मिनिटाला 24 लिटरच्या आत असावी, ही रेसमेडची मर्यादा याच वजा केलेल्या आकड्यासाठी आहे; ती एकूण गळतीला लावली, तर अगदी नीट बसलेला मास्कही सदोष ठरेल.

ही वजाबाकी यंत्र करते ती सेटिंगमध्ये नोंदवलेल्या मास्कच्या प्रकारावरून. मी नाकापुरता मास्क सोडून तोंड झाकणारा मास्क घेतला, तेव्हा विक्रेत्याने ही नोंद बदललीच नाही आणि तीन आठवडे मी चुकीचा आकडा खरा मानत राहिलो.

दुसरा घोटाळा ‘95’ या संख्येचा. अहवालातील 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के हवा वाया गेली, असा अर्थ मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकला आहे. सीईटीच्या निकालांमुळे पर्सेंटाइल हा शब्द घरोघरी पोहोचला आहे, तरी इथे त्याचा अर्थ इतकाच की रात्रीचा 95 टक्के वेळ गळती त्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी होती. आमच्याकडे पाळीच्या दिवशी नळाला पाणी पहाटे येते. एकदा मी यंत्र चालूच ठेवून, मास्क उशीवर टाकून पंचवीस मिनिटे पाणी भरत होतो. त्या रात्रीच्या साडेसहा तासांचे 5 टक्के म्हणजे साडेएकोणीस मिनिटे. साहजिकच 95 पर्सेंटाइलचा आकडा एकदम वर गेला, पण मध्यक (मीडियन), म्हणजे रात्रीचा अर्धा वेळ गळती ज्याच्या आत असते तो आकडा, नेहमीसारखा 2 वरच राहिला. मध्यक आणि 95 पर्सेंटाइल शेजारी ठेवून पाहिले, तरच गळती रात्रभर होती की काही काळापुरती, हे समजते. केवळ सरासरीवरून ते कळत नाही.

याउलट, गळती खरोखरच मोठी असेल तर यंत्राला श्वासाचा प्रवाह नीट मोजता येत नाही आणि अडलेले श्वास नोंदीतून निसटू शकतात. अशा रात्रीचा एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास पूर्ण किंवा अंशतः अडला तो आकडा, 5 च्या आत, म्हणजे ठीक, दिसला तरी त्यावर विसंबू नये. दिवसा झोप येतच असेल, तर तो अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जावे. दाब स्वतःच्या मनाने बदलू नये.

पट्टे आवळणे हा बहुधा उपाय नसतोच. आडवे होऊन, यंत्र चालू असताना मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवला की कुशनमध्ये हवा भरते आणि ते कडेने नीट बसते. सिलिकॉनच्या कुशनवर चेहऱ्याचा तेलकटपणा साचतो, म्हणून ते रोज धुवावे. नाकाचा मास्क असताना झोपेत तोंड उघडत असेल, तर पट्टे कितीही ओढले तरी गळती थांबणार नाही. थंडीत आपली सोलापुरी चादर डोक्यावरून ओढून घेण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे, कारण तिने मास्कची छिद्रे झाकली जातात.

शहरातील विक्रेत्यांना आणि स्लीप स्टडी करणाऱ्या केंद्रांना माझी कळकळीची विनंती आहे की, यंत्र देताना त्याचा आकडा एकूण गळतीचा आहे की वजा केलेला, आणि रुग्णाच्या दाबाला त्याच्या मास्कमधून किती हवा जाणे अपेक्षित आहे, हे फाइलवर मराठीत लिहून द्यावे. दाबानुसार जाणाऱ्या हवेचे कोष्टक मास्कच्या माहितीपुस्तिकेत असते. माझ्या शेजाऱ्यांच्या मुलाने ते शोधून वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘10 दाबाला 33’ असे पेनाने लिहिले, तेव्हा कुठे त्यांनी पट्टे दोन बोटे सैल केले.

आपला,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर