वही परत पाठवतोय, ताई

ताई,

तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही अखेर परत पाठवतोय. चार दिवसांसाठी म्हणून नेली होती, सहा वर्षं ठेवून घेतली. माफी आधीच मागून टाकतो, म्हणजे आभार मोकळेपणाने मानता येतील. ते चारचौघांत मानायचे असं ठरवलं होतं, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो भांडायलाच, आठवतं? तुमच्या भट्टीत भाजलेला माझा मोठा पसरट थाळ आरपार चिरला होता. भट्टी तुमची, माती तुम्ही सुचवलेली, म्हणजे दोषही तुमचाच, असा सरळ हिशेब मी केला होता. तुम्ही वाद घातला नाहीत. माझं बोट धरलंत आणि चिरेच्या कडेवरून फिरवलंत. कापलंच ते. ‘धार आहे ना? म्हणजे निवताना तडकलाय. चढताना तडकला असता तर वितळलेल्या ग्लेझने (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाने) कड गोल झाली असती.’ आणि मग, जेवलास का विचारावं तितक्या सहज, ‘दार कधी उघडलंस?’

आदल्या रात्री भट्टी निवताना काटा अडीचशे अंशांवर असताना मी दार चार बोटं किलकिलं करून आत डोकावलो होतो. कुणाला बोललो नव्हतो. थाळाने चुगली केली.

मातीतला क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम आक्रसतो, खाली सव्वादोनशेच्या आसपास क्रिस्टोबलाइट, म्हणजे क्वार्ट्झचाच भाऊबंद, तोही तेच करतो, थाळाचा काठ आधी निवतो आणि फळीला टेकलेलं बूड गरमच राहतं, हे सगळं मी नंतर वाचलं. वाचायची बुद्धी त्या कापलेल्या बोटामुळे झाली.

आता वहीबद्दल. ग्लेझचं माप आपल्यात सहसा कुणी देत नाही. दिलंच तर एखादा जिन्नस हळूच गाळून. (मीही हे केलंय. तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही.) तुम्ही अख्खी वही हातात ठेवलीत, आणि उघडली तर आत जमलेल्या भट्ट्या थोड्या, बिघडलेल्याच फार. तांबड्या ग्लेझची तर पानंच्या पानं. तांबं जेमतेम अर्धा टक्का. भरपूर हवेत भाजलं तर हिरवं, हवा कोंडून रिडक्शनमध्ये भाजलं तर लाल. ऐकायला सोपं. तुमच्या नोंदी मात्र अशा: ‘रिडक्शन उशिरा. कलेजी.’ (म्हणजे लाल बिघडून आलेला मळका, काळपट रंग.) ‘काठ पांढरा पडला.’ आणि माझी सगळ्यात लाडकी: ‘लाल आलाच नाही. तांबं उडून शेजारच्या पांढऱ्या वाटीच्या एका अंगाला गुलाबी झाक. वाटी सुंदर. माझं कर्तृत्व शून्य.’

चीनमध्ये जिंगदेझेनच्या भट्ट्यांनी शुआंद सम्राटाच्या काळात, १४२६ ते १४३५ मध्ये, हा लाल साधला, पुढे तो हातचा जवळजवळ गेला आणि कांग्शी सम्राटाच्या काळात पुन्हा गवसला, हे तुम्हीच सांगितलंत. माझ्या अकराव्या फसलेल्या भट्टीनंतर. मधे दोनशेहून जास्त वर्षं गेली ऐकल्यावर मला एकदम हलकं वाटलं होतं.

माझी वाढ झाली का, हे मला नक्की सांगता येणार नाही. पूर्वी वाढ म्हणजे नवे आकार असं वाटायचं. तुम्ही चार महिने एकच वाटी करायला लावलीत आणि रोजच्या वाट्या तारेने मधोमध कापायला. पहिल्या महिन्यात कापलेली भिंत खाली जाड, वर कागद. शेवटी शेवटी एकसारखी दिसायला लागली, तर तुम्ही म्हणालात, आता भाज. भाजली आणि ती हातात नीट बसायला हवी त्यापेक्षा लहान झाली! ओल्या मातीची वाटी भट्टीतून निघेपर्यंत बारा टक्क्यांनी आक्रसते, हात मात्र तेवढाच राहतो. चाकावर बसलं की अजून मला ती नसलेली वाटी आधी डोळ्यांपुढे आणावी लागते. इतरांना हे कसं आपसूक जमतं कोण जाणे.

एका बाबतीत मात्र तुमचं पटलं नाही, अजूनही नाही. नक्षी म्हणजे आकार फसल्याची कबुली, असं तुम्ही म्हणता. मला ओल्या स्लिपमध्ये, म्हणजे मातीच्या पातळ घोळात, कंगव्याने ओढलेल्या रेघा आवडतात आणि मी त्या ओढणार. पण कुणीही भांडं हातात दिलं की तुम्ही ते आधी उलटं करता, त्या धाकाने माझं बूड तासणं सुधारलं. बूड कुणी बघत नाही म्हणणाऱ्यांशी मी आता हुज्जत घालतो, तुमच्याच आवाजात.

वहीच्या ४१व्या पानावर माझ्या अंगठ्याचा स्लिपचा डाग पडलाय, पुसायला गेलो तर अक्षर जायला लागलं, म्हणून तसाच ठेवला. मागची कोरी पानं मी न विचारता भरली आहेत. शेवटची नोंद गेल्या भट्टीची आहे: १२६० अंश, रिडक्शन वेळेवर सुरू केलं होतं, तरी वरच्या फळीवर लाल आणि खालच्या फळीवर सगळं कलेजी. मला चिमणीच्या झडपेचा संशय आहे. नोंदीखाली अर्धं पान मोकळं सोडलंय, तुम्हाला काय वाटतं ते तिथे लिहा.

तुमचा,
थाळवाला