नुसतं 'सर्व खुशाल' नको

हैदराबाद
८ जून २०२५

ती. आई व ती. अप्पा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलते आणि वर हे पत्र कशाला, असं पाकीट बघूनच आई म्हणाली असणार. फोनवर मी दोनदा सुरुवात केली होती. एकदा आई मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजायला गेली, आणि एकदा अप्पांनी "हं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडं दिला. म्हणून लिहिते. अप्पा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, आईचा चष्मा सापडेपर्यंत चहा निवेल.

हवाई दलाची यादी परवा लागली. त्यात माझं नाव आहे. जुलैत दुंडिगलच्या अकादमीत हजर व्हायचं आहे. ट्रेनिंग वर्षाहून जास्त काळाचं. नीट पार पडलं तर पुढं १४ वर्षांची नोकरी, शॉर्ट सर्व्हिस म्हणतात ती. पेन्शन नाही. अप्पा पहिलं तेच विचारतील म्हणून आधीच सांगून टाकते.

आता खोटं बोलले त्याचा हिशोब. मागच्या ऑगस्टमध्ये "सिम्युलेटरचं आहे, फोन लागणार नाही" म्हणाले, तेव्हा मी लेखी परीक्षेला बसले होते. नोव्हेंबरात म्हैसूरला "कंपनीचं काम" नव्हतं. तिथं पाच दिवस निवड मंडळापुढं होते. डिसेंबरात दिल्लीला मेडिकल झालं. त्यांनी उंचीच काय, पायांची लांबीसुद्धा मोजली. आई, 'ताडमाड वाढलीय, नवरा कुठला शोधायचा' म्हणायचीस ना, तर तेवढी उंची कामाला आली.

सगळ्यात मोठं खोटं जानेवारीतलं. तेव्हाच मी विमान कंपनीला नोकरी सोडायची नोटीस दिली. यादी लागायच्या पाच महिने आधी. अप्पा, पत्र खाली ठेवू नका, पुढं वाचा. को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, सरकारच्या विमान खात्याचा, डीजीसीएचा, तसा नियमच आहे. कॅप्टन असते तर वर्षभराची. यादीची वाट बघत बसले असते तर जुलै हातचा गेला असता, आणि मला दुसरा जुलै नाही. या भरतीत वैमानिकाला वयाची अट २४ ची. कमर्शियल लायसन्स असलेल्यांना तेवढी २६ पर्यंत सवलत. दिवाळीत मला २६ पूर्ण होतील. म्हणजे ही शेवटचीच गाडी होती, आणि ती सुटायच्या आधी मी हातातलं तिकीट फाडलं. चुकलं असतं तर घरी येऊन काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही. त्या पाच महिन्यांत वजन चार किलो उतरलं. तुम्हाला वाटत राहिलं की मेसचं जेवण वाईट आहे.

पैशाचं सांगते. हायवेला गेलेल्या रानाचे पैसे आले, ते सगळे माझ्या उड्डाणाच्या तासांत उडाले. वर बँकेचं कर्ज. अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत, महिना ४२ हजार. अकादमीत स्टायपेंड मिळेल ५६,१००, तेही सगळं हातात येणार नाही. आताच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. म्हणून गेले दीड वर्ष मी वेगळं खातं काढून साडेसात लाख बाजूला टाकलेत. जवळजवळ अठरा महिन्यांचे हप्ते त्यातून परस्पर जातील. (गेल्या दिवाळीला फक्त साडी आणि शर्टावर भागवलं, त्याचं कारण हे.) घराला रंग यंदाही होणार नाही. भिंतीची ओल मात्र पावसाआधी काढून घ्या, तेवढे पैसे पाठवलेत.

का जातेय हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. चार कागद फाडले. विमानातली नोकरी वाईट आहे म्हणून जात नाही. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, पहाटे तीनचा गजर, ड्यूटीआधी दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकर मारायची, राजमुंद्री म्हणू नका, तिरुपती म्हणू नका. पण कुणी वाईट वागवलं असं नाही. कोल्हापूरला उतरताना खाली मिरज दिसायची, कृष्णा दिसायची, नदीवरून माझं मलाच कळायचं की आता घर दोन-अडीच तासांवर आहे. आई, तू एकदा कोल्हापूरला विमान बघायला आली होतीस. "अगंबाई, पंखा आहे याला!" एवढंच म्हणालीस. तो पंखा मला फार आवडतो. पण मागं सत्तर माणसं बसलेली असताना चांगला दिवस म्हणजे काहीही न घडलेला दिवस, आणि तसंच असायला पाहिजे. ढग खाली आले तर परत फिरायचं. धावपट्टी ठरलेली, वाट ठरलेली, वजन कागदावर. दोन वर्षांत अकराशे तास झाले, आणि मला जाणवायला लागलं की माझा हात बसलाय, पण एकाच रस्त्यावर बसलाय. अप्पा, तुम्हीच नव्या ड्रायव्हरला म्हणायचात ना, पुणे-सातारा कुणीपण मारतंय, बामणोलीची मुक्कामी गाडी पावसात नेऊन दाखव.

म्हैसूरला मुलाखतीत साहेबांनी विचारलं, एवढा पगार सोडून का येतेस? पाठ केलेलं उत्तर होतं, देशसेवेचं. ते ओठांवर आलंच नाही. मी २०१९ चा पूर सांगितला. ऑगस्टात शिरोलीजवळ पंचगंगा हायवेवर आली आणि तुमची गाडी कोल्हापुरात अडकली. पाच दिवसांनी घरी आलात तेव्हा दाढी वाढलेली, डोळे लाल. आम्हाला वाटलं पाण्याचं सांगाल, माणसांचं सांगाल. तुम्ही जेवायला बसलात आणि म्हणालात, "हेलिकॉप्टर आलं होतं. वारं असं, की उभ्या माणसाला ढकलावं. आणि त्यानं ते गच्चीवर धरून ठेवलं. हललं नाही गं. काय हात असेल त्याचा!" भाकरी तशीच हातात होती. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस दुसऱ्याच्या हाताबद्दल असं बोलतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. विमान शिकायचं आधीच ठरलं होतं. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. मी हे तुमच्या माथी मारत नाही, अप्पा. थोडंसं मारतेय.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, हेलिकॉप्टरच मिळेल असं नाही. मला माहीत आहे. आधी सगळ्यांनाच पिलाटस नावाचं एका पंख्याचं छोटं विमान. माझे अकराशे तास असले तरी सुरुवात सगळ्यांबरोबर पहिल्या धड्यापासून. मग फायटर, हेलिकॉप्टर की मालवाहू, ते पुढं ठरतं. मला मालवाहू मिळावं असं मनात आहे. नवीन सी-२९५ आलीत, पहिली १६ स्पेनहून आणि बाकी ४० बडोद्यात बनणार. त्यांचं इंजिन आणि माझ्या आताच्या विमानाचं इंजिन एकाच घराण्यातलं. पण हे विमान मागून उघडतं, त्यातून माणसं पॅराशूटनं उतरतात आणि ते आखूड धावपट्टीवर टेकवावं लागतं. ज्या गियरात घाट चढलो त्याच गियरात उतरायचं, हा तुमचा धडा तिथं उपयोगी पडणार आहे.

आता आई. तुझ्याशी बोलायला मी शेवटपर्यंत थांबले कारण मला भीती वाटते. अप्पा चिडतील आणि दोन दिवसांनी गाडी पुसताना स्वतःशीच गुणगुणतील. तू काही बोलणार नाहीस.

तू अपशिंग्याची. ज्या गावाच्या नावापुढं मिलिटरी लागतं, ज्या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, तिथं घरातलं माणूस फौजेत असणं म्हणजे काय हे तुला कुणी सांगायला नको. एकाहत्तरला आजोबा मराठा पलटणीत होते आणि तू दुसरीत. आजीला लिहिता येत नव्हतं म्हणून ती सांगायची आणि तू लिहायचीस. म्हैस गेली तरी आजी सांगायची, "लिही, इकडील सर्व खुशाल." मामा तापानं फणफणला होता तेव्हाही तेच. तू मला हे हसत सांगितलंस, पण दर वेळी सांगताना पदर तोंडाला लावलास. मला विमान कंपनीत नोकरी लागली तेव्हा तू देवीला नारळ फोडलास, तो पगारासाठी नव्हता हे मला कळलं होतं. पोरगी आकाशात जाते पण रात्री उतरते, त्यासाठी होता.

धोका नाही असं मी लिहिणार नाही. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ आणि त्यातली १३ माणसं तू टीव्हीवर बघितलीस. अवशेष सापडायला आठ दिवस लागले, आणि आठही दिवस तू बातम्या लावून बसली होतीस. ते विमान मालवाहूच होतं. हे मी लिहिलं नाही तरी तुला आठवणारच, मग मी लपवून काय करू?

निवडीत एक पेपर असतो, त्यात स्वतःबद्दल लिहायचं असतं. पहिलाच प्रश्न, आई-वडिलांचं तुमच्याबद्दल मत काय? पंधरा मिनिटांत पाच प्रश्न, आणि मी याच एकावर अडकले. शेवटी लिहिलं, 'आई म्हणेल हट्टी आहे आणि उभ्यानं जेवते. वडील काही म्हणणार नाहीत, काच पुसत राहतील.' खरं तर तुमचं मत मला माहीतच नाही, हे तिथं बसून कळलं.

कराडच्या स्थळाला नाही कळव. ट्रेनिंगमध्ये लग्न केलं तर सरळ घरी पाठवतात, आणि तोवर कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. शेजारी आणि मामाला मी जाईपर्यंत सांगू नका. मामा पेढे वाटेल, भाषण करेल, आणि पहिल्या महिन्यात मी परत आले तर तोंड लपवायला गल्ली पुरणार नाही. आणि कुणी विचारलंच तर पोरगी देशासाठी सगळं सोडून निघाली असं सांगू नका. नोकरी बदलली म्हणा.

२२ तारखेला सकाळी येते, आठ दिवस राहीन. काळी ट्रंक माळ्यावरून काढून ठेवा, आजोबांची. कडी दुरुस्त होते का बघा.

सुरुवातीला फोन फारसा मिळायचा नाही म्हणतात. आई, तू पत्र लिही. तुला सवय आहे. पण आजीसारखं लिहायचं नाही. अप्पांची साखर उपाशीपोटी किती आली आणि जेवणानंतर किती, ते आकड्यात लिही. तुझा गुडघा जिना चढतो का ते लिही. ओल परत आली तर तेही लिही. पत्ता आल्यावर देते.

तुमची,
ताई